नाजूक केसांची कैफियत

‘माझे केस वाढतच नाहीत’ ही तक्रार ज्या स्त्रिया वारंवार करतात, त्यांपैकी बहुतेकींचे केस वस्तुतः इतरांच्या केसांइतक्याच गतीने वाढत असतात; महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाकाठी साधारण १२ सेंटिमीटर, हा जो निसर्गाचा शिरस्ता आहे, त्याला त्यांचे मस्तक अपवाद नसते. परंतु मुळाशी जेवढी भर पडते तेवढीच तूट टोकाशी येत राहिल्यामुळे वर्षानुवर्षे वेणी खांद्याच्या खाली उतरत नाही, आणि ज्या दोषाचे स्थान टोकाशी आहे त्याचा उपाय मात्र मुळाशी शोधण्यात पैसा, वेळ आणि उमेद खर्ची पडते. औषधांच्या कोणत्याही दुकानात पाहावे, केस वाढविणारी तेले, केस दाट करणाऱ्या गोळ्या आणि मुळांना बळ देणारे अर्क यांनी फळ्या भरलेल्या असतात. जो केस आधीच उगवून वर आला आहे तो राखावा कसा, याविषयीची सविस्तर माहिती तेथे क्वचितच मिळते. प्रस्तुत लेखाचा विषय हे राखण्याचे शास्त्र आहे, आणि तेही विशेषतः ज्यांचे केस जन्मतःच बारीक, मऊ आणि अल्पशा ताणानेही तुटणारे आहेत त्यांच्यासाठी.

गळणे आणि तुटणे यांतला फर्क पुण्याच्या पेठांत दीर्घकाळ केस कापण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंनी ज्या सोप्या रीतीने मला दाखविला, ती रीत प्रत्येकीने घरी करून पाहण्याजोगी आहे. फणीत अडकलेला एक केस त्यांनी उजेडात धरला आणि त्याची दोन्ही टोके बोटांतून फिरवून म्हणाल्या, “एका टोकाला हा पांढरा बारीक ठिपका दिसतो ना, हा मुळासकट आलेला. आणि हा दुसरा बघा, दोन्हीकडून सारखाच, आणि डोक्यावरच्या केसाच्या निम्मासुद्धा नाही. हा तुटलेला.” पहिल्या प्रकारचे केस रोज ५० ते १०० गळणे हे सुमारे १ लाख केस धारण करणाऱ्या मस्तकाचे नित्यकर्म आहे आणि त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही, दुसऱ्या प्रकारचे तुकडे उशीवर, खांद्यावर आणि न्हाणीघराच्या फरशीवर सातत्याने आढळू लागले, भांगाच्या दोन्ही बाजूंना आखूड केसांची झालर उभी राहू लागली, आणि वेणीचा शेवट शेपटासारखा निमुळता होऊ लागला, तर मात्र तो केसाच्या दांड्याचा दोष समजावा. पहिल्याची चौकशी देहाच्या आत करावी लागते; दुसऱ्याची बहुधा आपल्याच हातांपाशी येऊन थांबते.

येथे आणखी एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. बारीक केस आणि विरळ केस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोक्यावर केसांची संख्या विपुल असूनही प्रत्येक केस स्वतंत्रपणे बारीक असू शकतो, आणि अशा वेळी वेणी जाड दिसत असली तरी तिच्यातील प्रत्येक तंतू दुर्बळच असतो. उलटपक्षी संख्या थोडी असूनही केस राठ आणि चिवट असू शकतात. म्हणून शेजारणीला मानवलेला उपाय आपल्यालाही मानवेल, हे गृहीत धरण्यापूर्वी आपल्या केसाची जात ओळखावी.

केसाची घडण

त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो, हे या सर्व विषयाचे मूळ सूत्र होय. त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी, पेशी सजीव असतात. तेथे त्या वाढतात, केरॅटिन नावाच्या प्रथिनाने भरून जातात आणि वर सरकता सरकता मृत होऊन कठीण तंतूचे रूप धारण करतात. बोट कापले तर रक्तप्रवाह तेथे पोचतो आणि जखम भरून येते; केसाच्या दांड्याला रक्त नाही, मज्जातंतू नाहीत, आणि म्हणूनच झालेली हानी भरून काढण्याची कोणतीही अंगभूत तजवीज नाही. कमरेपर्यंत पोचलेल्या ६० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक सुमारे पाच वर्षांपूर्वी मुळातून बाहेर पडलेले असते. आठवड्याला एकच न्हाणे धरले तरी त्याने २६० न्हाणी सोसलेली असतात, आणि फणी, वारा, ऊन, उशी यांचे आघात तर मोजदादीच्या पलीकडचे असतात. मुळाजवळचा केस गुळगुळीत आणि टोकाचा खरखरीत लागतो, त्याचे कारण हे वयातले अंतर आहे.

बारीक केस लवकर का तुटतो, याचा खुलासा साध्या गणिताने होतो. १ मिलिमीटरचे हजार भाग केले असता त्यांतील सुमारे ५० भाग एवढी जाडी बारीक केसाची असते, तर राठ केसाची १०० भागांपर्यंत जाते. जाडी निम्मी झाली म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ निम्मे नव्हे, एक-चतुर्थांश होते. म्हणून दोन्ही केसांचे द्रव्य एकाच गुणाचे असले तरी जो ताण राठ केस सहज पेलतो त्याच्या चौथ्या हिश्श्यातच बारीक केस हार खातो. शिवाय वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग अधिक असल्यामुळे पाणी, आच आणि रसायने त्याच्या अंतरंगात लवकर शिरतात. एकाच सोडवणीच्या झटक्याने एका बहिणीच्या वेणीला काही होत नाही आणि दुसरीच्या केसांचे तुकडे पडतात, याचे मर्म या हिशेबात आहे.

केसाच्या दांड्यावर सूक्ष्म, चपट्या, पारदर्शक पेशींचे पाच ते दहा थर एकावर एक असे रचलेले असतात की, कोकणातल्या घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे त्यांची मोकळी धार नेहमी उताराकडे, म्हणजे केसाच्या टोकाकडे असते. ही रचना अखंड आहे तोवर आतला गाभा सुरक्षित राहतो. धारा उचकटल्या, चिरल्या वा झडल्या की गाभा उघडा पडतो, त्यातील तंतू सुटे होतात आणि टोकाला फाटे फुटतात. या आवरणाच्या सर्वांत बाहेरच्या पृष्ठावर १८-मिथाइल आयकोसॅनॉइक आम्ल या स्निग्ध द्रव्याचा अतिशय तलम थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. नवजात केसाची जी चमक आणि पाणी झटकून टाकण्याची जी शक्ती आपल्या अनुभवाची आहे ती याच थराची देणगी होय, आणि अल्कधर्मी द्रव्यांनी वा रंग उडविणाऱ्या रसायनांनी तो एकदा निघून गेला की त्या केसाच्या आयुष्यात पुनः उत्पन्न होत नाही.

गाभ्याची कथा याहून विलक्षण आहे. इंग्लंडातील लीड्स येथे विल्यम ॲस्टबरी यांनी केस आणि लोकर यांच्या तंतूंवर क्ष-किरण टाकून त्यांच्या अंतर्रचनेचा जो अभ्यास केला तो १९३१ साली प्रसिद्ध होऊ लागला, आणि सैल केसातील रेणूंची मांडणी व ताणलेल्या केसातील मांडणी या भिन्न असतात हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९५१ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या सर्पिल रचनेचे स्वरूप निश्चित केले, तेव्हा केस ताणला असता लांबतो आणि सोडला असता पूर्ववत का होतो, याची उपपत्ती हाती आली. या सर्पिल साखळ्यांना परस्परांशी बांधणारे बंध मुख्यत्वे दोन प्रकारचे आहेत: गंधकाच्या अणूंचे बळकट बंध, जे केवळ तीव्र रसायनांनी वा प्रखर उष्णतेने तुटतात, आणि हायड्रोजनचे दुर्बळ बंध, जे साध्या पाण्याने सुटतात व केस वाळला की पुनः जुळतात. केस भिजवून वळण दिले तर ते वाळल्यावर काही काळ टिकते आणि पावसात नाहीसे होते, त्याचे कारण हा दुसरा बंध. आणि केस कायमचे सरळ वा कुरळे करण्याच्या सर्व प्रक्रिया पहिल्या बंधावर घाव घालूनच सिद्ध होतात.

पाणी आणि तेल

पूर्ण भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेतो. त्याची जाडी १४ ते १६ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम १ ते २ टक्क्यांनी. या फुगण्यामुळे बाह्य आवरणाच्या धारा उचलल्या जातात, हायड्रोजनचे बंध सुटतात, केस अधिक लांबतो परंतु थोड्या ताणातच इजा पावतो. आणि न्हाण्याच्या प्रत्येक फेरीत हे फुगणे व आक्रसणे पुनःपुनः घडल्याने आवरण शिणते व गाभ्यातील प्रथिनांचा काही अंश पाण्याबरोबर वाहून जातो. केस धुऊ नयेत असा याचा अर्थ नव्हे. ते भिजण्यापूर्वी त्यांच्या रक्षणाचा काही बंदोबस्त करावा, असा आहे.

हा बंदोबस्त आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग नित्य करावा आणि तो विशेषेकरून मस्तक, कर्ण व पाय यांना करावा असे विधान आहे; नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल आणि मग स्नान, हा क्रम तर प्रत्येक मराठी घराच्या अंगवळणी पडलेला आहे. या क्रमाची आधुनिक कसोटीवर परीक्षा झाली तीही मुंबईतच. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी नारळाचे तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल या तिहींची तुलना करणारा जो प्रबंध २००३ साली प्रसिद्ध केला, त्यात केसांतून निघून जाणाऱ्या प्रथिनांचे मापन होते. आणि निरोगी केस असोत वा रसायनांनी दुखावलेले, धुण्यापूर्वी लावा वा नंतर, प्रथिनांची हानी लक्षणीय प्रमाणात कमी करणारे तेल त्या तिहींत नारळाचेच ठरले. त्याची उपपत्ती अशी की, नारळाच्या तेलाचा जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्लाचा असतो; त्याचा रेणू लहान, सरळ आणि प्रथिनांशी सख्य असणारा असल्यामुळे तो गाभ्यात शिरतो आणि पाण्याला तेथे कमी जागा उरते. सूर्यफुलाच्या तेलाचे रेणू वाकडे व अवजड असल्यामुळे, आणि खनिज तेलाला प्रथिनांविषयी ओढ नसल्यामुळे, ती दोन्ही पृष्ठावरच राहतात. नारळाचे तेल केसात खरोखर शिरते ही गोष्ट २००१ साली, अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील वस्त्रतंतूंच्या संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने झालेल्या आणखी एका अभ्यासात दाखविण्यात आली होती. हे संशोधन नारळाचे तेल विकणाऱ्या कंपनीतून आलेले आहे ही वस्तुस्थिती वाचकांनी ध्यानात ठेवावी. परंतु त्याची पद्धती उघड आहे, उपपत्ती सुसंगत आहे, आणि पुढील काळात केसांच्या अभ्यासकांनी त्याचा आधार वेळोवेळी घेतलेला आहे.

तथापि बारीक केसांच्या बाबतीत तेलाचे प्रमाण हाच सर्वांत नाजूक प्रश्न असतो. राठ केसांना जे तेल जिरते त्याच्या निम्म्यानेही बारीक केस चप्प होऊन डोक्याला चिकटतात, मग ते काढण्यासाठी दोनदा शाम्पू लावावा लागतो आणि रक्षणासाठी केलेल्या उपायाची परिणती अधिक घर्षणात होते. म्हणून अर्धा चमचा तेल तळहातावर पसरून ते केसांच्या मधल्या भागाला आणि टोकांना हळुवार लावावे, दोन-तीन तास किंवा रात्रभर ठेवावे आणि मग धुवावे, एवढ्याने कार्यभाग साधतो. डोक्याच्या त्वचेला तेल रगडून चोळणे, जोराने मालिश करणे आणि तेल दिवसेंदिवस तसेच ठेवणे यांनी केसाच्या दांड्याला काही लाभ नाही. ज्यांना कोंड्याची पीडा आहे त्यांची ती उलट वाढण्याचा संभव असतो, कारण कोंड्याशी निगडित असलेली मॅलसेझिया नावाची बुरशी स्निग्ध द्रव्यांवरच पोसते. आणि तेलाने केस नवे उगवतात ही समजूत तर सर्वथा सोडून द्यावी. तेल राखते, उगवीत नाही.

धुण्याच्या द्रव्यांविषयीही विवेक हवा. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो. त्याने केस फुगतो, धारा उचलल्या जातात, आणि विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्याशी त्याचा संयोग होऊन जो न विरघळणारा साका तयार होतो तो केसांवर बसून त्यांना खरखरीत करतो. शिकेकाईचा काढा सौम्य आम्लधर्मी असून तिच्यातील फेसाळ द्रव्य मळ काढते, म्हणून ती साबणाहून निश्चित श्रेयस्कर. परंतु भरड भुकटी बारीक केसांवर चोळली असता तिचे कणच ओरखडे काढतात, तेव्हा शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी उकळून, फडक्याने गाळून घेतलेले पाणीच वापरावे. शाम्पू निवडायचा तर सौम्य आणि किंचित आम्लधर्मी निवडावा, तो केवळ त्वचेला लावावा आणि लांब केसांवरून त्याचा फेस नुसता वाहू द्यावा. केसांची पुरचुंडी डोक्यावर घेऊन कपड्यासारखी घुसळू नये. कंडिशनरातील मुख्य घटकांवर धन विद्युत्भार असतो आणि दुखावलेल्या केसावर ऋण, त्यामुळे जेथे हानी अधिक तेथेच तो अधिक चिकटतो आणि केसाकेसांतले घर्षण कमी करतो. बारीक केसांनी तो टोकांपुरता लावावा, मुळांना लावू नये, एवढे पथ्य पुरे.

फणी, पंचा आणि वेणी

केस तुटण्याचे सर्वांत मामुली आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे विंचरणे. सरळ केस ओले असता विंचरणे धोक्याचे, कारण त्या अवस्थेत ते सर्वाधिक दुर्बळ असतात. त्यांना अर्धेअधिक वाळू द्यावे आणि मगच हात लावावा. कुरळ्या केसांचा न्याय मात्र उलट आहे: ते वाळल्यावर एकमेकांत इतके गुंततात की, कंडिशनर लावून ओलसर असतानाच सोडविणे हितकर. दोन्ही प्रकारांत गुंता सोडविण्याची दिशा एकच असावी. आधी शेवटचे चार बोटे केस, मग त्यावरचे, मग आणखी वरचे, असे क्रमाक्रमाने मुळाकडे जावे. मुळापासून फणी खाली ओढली म्हणजे सगळे गुंते टोकाशी एकत्र होऊन घट्ट गाठ बसते आणि ती ओढून तोडली जाते. फणी विरळ दातांची, लाकडाची वा शिंगाची उत्तम. स्वस्त प्लॅस्टिकच्या फणीच्या दातांवर साच्याच्या जोडाची धार राहिलेली असते, ती नखावर फिरवून पाहावी, बोचली तर टाकून द्यावी. उवांसाठी असलेली दाट दातांची फणी तेवढ्याच कामापुरती वापरावी. बारीक केसांवरून ती रोज फिरविणे हा त्यांच्यावर सरळ अत्याचार आहे.

न्हाल्यावर केस पंचाने फटकारून झटकण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे. ओल्या, फुगलेल्या केसावर हा प्रहार पडतो तेव्हा त्याचा ताण त्याच्या सर्वांत जुन्या भागावर येतो. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती पंचात किंवा लुगड्याच्या तुकड्यात केस गुंडाळून हलकेच दाबावेत. जाड टॉवेलाच्या फेट्यात ते पिळून डोक्यावर ठेवू नयेत, कारण त्याच्या वजनाने कपाळावरचे कोवळे केस उपटले जातात.

वेणी ही स्वतः केसांची रक्षक आहे. मुंबईच्या लोकलच्या दारातला वारा असो वा पुण्याच्या रस्त्यांवरील दुचाकीचा, सुट्या केसांत तो ज्या गाठी पाडतो त्या वेणीत पडत नाहीत. रात्री सैल वेणी घालून झोपणाऱ्या स्त्रीच्या केसांचे उशीशी होणारे घर्षणही पुष्कळच कमी होते. मात्र वेणी सैल असली पाहिजे. घट्ट बांधलेले केस मुळांवर सतत ताण देतात, आणि हा ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात. ग्रीनलंडमधील घट्ट केशबंध बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद १९०७ सालीच झालेली आहे. उघड्या रबराने केस बांधणे, एकाच जागी रोज आवळणे, ओले केस बांधून ठेवणे, जड गंगावण बारीक केसांना लटकावणे, यांतील प्रत्येक गोष्ट तुटीला निमंत्रण देणारी आहे. आमच्या आज्या वेणीच्या शेवटाला जी विणलेली आगवळ बांधीत, तिची मऊ पकड या कामी आजच्या पुष्कळशा साधनांपेक्षा सरस होती. तिच्या अभावी कापडाने मढविलेला बंध वापरावा आणि बांधण्याची जागा बदलत राहावी.

आच आणि रसायने

ओल्या केसाला प्रखर आच लागली म्हणजे त्याच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाट न मिळाल्याने गाभ्यात पोकळ बुडबुडे निर्माण करते. सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसणाऱ्या या विकृतीचे वर्णन प्रथम १९८६ साली झाले. १२५ अंश सेल्सियस तापमानाची सळई मिनिटभर ओल्या केसाला लावली तरी असे बुडबुडे उत्पन्न होतात हे पुढे प्रयोगाने दिसून आले, आणि घरोघरी आलेली केस सरळ करण्याची यंत्रे तर १८० ते २३० अंशांपर्यंत तापतात. बुडबुड्याच्या जागी केस वाळल्या काडीसारखा मोडतो. म्हणून अशी यंत्रे वापरायचीच असतील तर केस पूर्ण वाळलेला असावा, तापमान सर्वांत खालचे असावे आणि एकाच बटेवरून ते दुसऱ्यांदा फिरवू नये.

वाळविण्याच्या यंत्राविषयी मात्र शास्त्राने एक अनपेक्षित निर्वाळा दिला आहे. कोरियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केस ३० वेळा धुऊन निरनिराळ्या रीतींनी वाळविले. यंत्र ५ सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे ९५ अंशांच्या झोतात धरले तेव्हा बाह्य आवरणाची मोठी हानी झाली. परंतु ते १५ सेंटिमीटर दूर, सुमारे ४७ अंशांच्या झोतात, सतत हलते ठेवले तेव्हा झालेली एकूण हानी आपोआप वाळू दिलेल्या केसांपेक्षाही कमी होती, कारण दीर्घकाळ ओले राहिल्याने केसाच्या पेशींना सांधणाऱ्या आतल्या द्रव्याला इजा पोचते. सारांश, पावसाळ्यात दाट केस चार-चार तास ओले ठेवण्यापेक्षा दुरून, मंद आणि हलत्या वाऱ्यावर वाळविणे श्रेयस्कर.

रसायनांच्या बाबतीत बारीक केसांनी शक्य तितका संयम पाळावा, हाच सल्ला देणे प्राप्त आहे. कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये केसांना कायमचा बाक देण्याची आपली रीत जगापुढे मांडली तेव्हापासून आजपर्यंत द्रव्ये बदलली, यंत्रे बदलली. परंतु गंधकाचे बंध तोडणे हे मूळ तत्त्व तसेच राहिले, आणि तोडलेले सगळे बंध पुनः जुळत नाहीत. केसांचा रंग उडविणारे हायड्रोजन पेरॉक्साइड रंगकणांबरोबर या बंधांचाही नाश करते. केस सरळ करणाऱ्या काही उपचारांतून फॉर्मल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत दाखल केलेला आहे. तो वायू दिवसभर हुंगावा लागतो तो पार्लरात काम करणाऱ्या मुलींना, याचाही विचार ग्राहकाने करावा. तुटलेले बंध सांधण्याचा दावा करणारी द्रव्ये २०१४ पासून बाजारात आली आहेत; त्यांच्यामागे रसायनशास्त्राचा आधार आहे आणि रंग उडविताना होणारी हानी ती काही अंशी आवरतातही, परंतु झडून गेलेले आवरण आणि फुटलेले टोक पूर्ववत करण्याची शक्ती कोणत्याही बाटलीत नाही. फाटा फुटलेल्या टोकाला कात्री हा एकच खरा उपाय होय. तीन-चार महिन्यांनी अर्धा-एक सेंटिमीटर कापले की फाटा वर चढत नाही. कापल्याने केसांची वाढ जलद होते हे मात्र खरे नाही.

देहाची साक्ष

सर्व पथ्ये पाळूनही केस तुटत वा गळत राहिले तर चौकशीचा रोख देहाकडे वळवावा. प्रथिनांची उणीव, थायरॉइड ग्रंथीचा विकार, दीर्घ ज्वर, बाळंतपण, कडक उपवास यांचा परिणाम केसांवर होतो, आणि तो घटनेनंतर दोन-तीन महिन्यांनी दिसत असल्यामुळे कारण व कार्य यांची सांगड पुष्कळदा घातली जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; ज्या देशात ही स्थिती आहे तेथे केसांसाठी महागडे अर्क घेण्याअगोदर रक्ताची एक साधी तपासणी करून घेणे हे अधिक शहाणपणाचे आहे. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांतील माणसांचे केस एकाएकी गळू लागले, तेव्हा संशय प्रथम पाण्यावर आणि शाम्पूवर गेला होता, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासण्यांच्या आधारे रेशनवरील गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे अंगुलिनिर्देश केला. डोक्यावर दिसणारे कारण ताटात असू शकते, हे त्या प्रकरणातून सर्वांच्या लक्षात यावे. ज्या पोषक द्रव्याची उणीव सिद्ध झालेली नाही त्याच्या गोळ्या स्वतःच्या मर्जीने घेणेही म्हणूनच गैर. उणिवेने जसे केस जातात तसे अतिरेकानेही जातात.

नेम

या सर्व विवेचनाचा व्यवहारातला तपशील थोडा आहे. धुण्यापूर्वी अर्धा चमचा नारळाचे तेल टोकांना, सौम्य द्रव्याने केवळ त्वचा धुणे, टोकांना कंडिशनर, मऊ सुती पंचाने दाबून टिपणे, अर्धवट वाळल्यावर विरळ फणीने टोकाकडून मुळाकडे सोडविणे, दिवसा सैल वेणी, रात्री त्याहून सैल, आचेचे यंत्र सणासुदीपुरते, आणि रंग वा सरळ करण्याचे उपचार टाळता येतील तेवढे टाळणे. यांत खर्च जवळजवळ नाही, परंतु सातत्य मात्र हवे, आणि फळाची मुदत दीर्घ आहे. आज दुखावलेला केस सुधारणार नाही, परंतु नवा येणारा केस अखंड राहील, आणि तो हनुवटीखाली येईपर्यंत दोन वर्षे लागतील. एवढा धीर ज्यांना नसेल त्यांची फसवणूक करण्यास बाजार सदैव सिद्ध आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती मातांना व शाळाचालकांना. आपल्याकडील कित्येक शाळांत मुलींनी दोन घट्ट वेण्या रिबिनीने वर बांधून यावे असा दस्तूर आहे, आणि सकाळच्या घाईत आई मुलीचे ओले केस ओढून, आवळून तो पाळते. मुलगी कळवळली तर तिलाच दटावले जाते. नीटनेटकेपणासाठी वेणी हवी हे मान्य, परंतु ती सैल असली तरी नीटच असते. शाळांनी हा नियम सैल करावा, मातांनी मुलीचे केस आदल्या रात्री धुऊन वाळवावेत आणि सकाळी पाच मिनिटे अधिक द्यावीत. जिचे केस जन्मतः बारीक आहेत तिला तर हे अगत्याने शिकवावे, कारण वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी लागलेली केस हाताळण्याची रीत बाई पुढे आयुष्यभर चालविते.